करार झाला ना? मग हिरडा पोत्यात भरा आणि निवांत झोपा

मुक्त व्यापार करारावर सही झाली की वनोपज आपोआप परदेशी पोचतो, असं परवा एका कार्यशाळेत तीन तास ऐकवलं गेलं. (चहा बरा होता.) त्याच धर्तीवर नवनिर्यातदारांसाठी हा फुकटचा सल्ला.

करारामुळे आयात शुल्कात मिळणारी सवलत नेमकी किती, ते बघू नका. कच्च्या डिंकावर बऱ्याच देशांत मुळातच शुल्क नसतं किंवा नावापुरतं असतं. खरा कर चढतो तो प्लायवूड-फर्निचरवर. आपण मात्र डिंकाच्या ‘शून्य टक्क्या’चे पेढे वाटावेत.

सुदानचा डिंक आणा, चाळा, नव्या पोत्यावर ‘भारतीय’ छापा. चाळणीतून देश बदलतो.

मालाखाली ठेवायच्या लाकडी पॅलेटचा गाभा कीड मारायला 56 अंशांवर 30 मिनिटं तापवून शिक्का मारणं म्हणजे लाकडाचे फाजील लाड.

शिसवी फर्निचरला 2017 पासून सायटिसचा (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) कागद लागतो म्हणे. आपला करार आहे की!

आता एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाची ओळख सांगणारा आकडा. तो गेल्या वर्षीच्या फाइलीतून उचलावा. हिरडा औषधासाठी असला तर 1211, कातडं कमावायला गेला तर 1404, त्याचा टॅनिनचा अर्क काढला तर 3201. कुटून भुकटी केली तरी 1211च. भुकटी म्हणजे अर्क नव्हे, किती वेळा सांगायचं! पण इन्व्हॉइसवर नुसतं ‘हर्बल पावडर’, शिपिंग बिलात 1211 आणि ओरिजिन सर्टिफिकेटवर (माल कुठल्या देशाचा, त्याच्या दाखल्यावर) 1404. पूर्ण कोडच्या आठ आकड्यांतले शेवटचे दोन आपले, पहिले सहा जगभर तेच, आणि तिकडचा अधिकारी नेमके तेच सहा ताडून बघतो. जुळले नाहीत की सवलत गेली. खरेदीदार पूर्ण शुल्क भरतो, पुढच्या बिलातून कापून घेतो, आणि ती कपात शेवटी उतरते जुन्नर-आंबेगावात झाडावर चढून बाळहिरडा झोडपणाऱ्याच्या भावात. तुमच्या कमिशनमधून नाही!

बास झाली थट्टा. आसियानचा (आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी झालेला) करार 1 जानेवारी 2010 पासून लागू आहे, अमिरातींचा 1 मे 2022 पासून. इतक्या वर्षांत आपल्या मालापुरती ओळसुद्धा वाचवली नाही? आपल्याच जंगलातून वेचलेला माल ‘पूर्णतः प्राप्त’ (सगळाच्या सगळा इथलाच) या निकषात बसतो. आसियानसाठी मालाचं किमान 35 टक्के मूल्य इथलं असल्याचं गणित त्याला मांडावंच लागत नाही. तरी सीएच्या मागे धावता, आणि माल बंदरावर पोचल्यावर सर्टिफिकेट आठवतं. मूळ सिद्ध करायला वाहतूक परवाना आणि खरेदीची पावती मागतात, तेव्हा खापर करारावर फोडू नका. ती पावती कुठे टाकलीय, ते आधी शोधा.