‘अर्धवट’ म्हणालात म्हणून एवढं लिहितोय

निपाणीच्या सरांना,

कुत्र्यांची कावीळ आणि घरातल्या गोळ्या यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: ‘एका पॅरासिटामॉलनं कुत्र्याला काही होत नाही. अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवू नका. आपल्याकडे कावीळ बहुतेक गोचिडांच्या तापानं होते. आणि फिटच्या गोळीनं एएलपी वाढलं म्हणजे लिव्हर गेलं असं नसतं.’

शेवटचं आधी. तिथं तुमचं बरोबर आहे. फिनोबार्बिटलनं, म्हणजे त्या फिटच्या गोळीनं, लिव्हरला इजा नसतानाही एएलपी (लिव्हर तपासताना रक्तात मोजतात ते एक एन्झाइम) वाढतं. घाईत चुकीचं वाक्य गेलं, दुरुस्त केलंय. चूक दाखवली की मी ऐकतो, नेहमीच्या वाचकांना विचारा.

पण ‘अर्धवट’? गुरांच्या दवाखान्यात वीस वर्षं काढली म्हणता. काढली असतील. म्हणून समोरच्याला शाळेतल्या पोरासारखं दटावायचं?

आणि ‘एक गोळी’ म्हणजे किती, ते सांगायचं राहिलंच की. मेडिकलात हल्ली पॅरासिटामॉल मागितलं की बहुतेक वेळा ६५०ची गोळी हातात पडते. बावीस किलोच्या कारवान जातीच्या कुत्र्याला ती किलोमागे ३० मिलिग्रॅम पडते. निभावून जाईलही. सहा किलोच्या गावठी कुत्र्याला तीच गोळी १०८ पडते, आणि कुत्र्याच्या लिव्हरला धोका साधारण १००च्या आसपास सुरू होतो. पुन्हा पुन्हा दिली तर त्याच्या आतही. ही गोळी पचवताना लिव्हरमध्येच एक विषारी अंश तयार होतो. त्याला आवरणारं ग्लुटाथिओन संपलं की पेशी मरायला लागतात. आता सांगा, अर्धवट कोण?

हे मी वाचून शिकलेलो नाही. खानापूरला आमचा मोत्या, सहा किलोचाच, मृगाच्या पावसात लंगडत आला. मेडिकलवाला म्हणाला, माणसाला चालते ती ह्याला का नाही? अर्धी सकाळी, अर्धी रात्री, असे दोन दिवस मीच भाकरीत घालून चारली. तिसऱ्या दिवशी त्यानं भाकरी नुसती हुंगली. परड्यात उजेडाला धरून पापणी वर केली, तर पांढऱ्या भागाला हळद फासल्यासारखी. लघवी कोऱ्या चहासारखी. बेळगावला नेलं, सलाईनमधून एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, म्हणजे ह्या विषावरचा उतारा, दिलं, वाचला. अंगावर गोचीड होतेच म्हणा, त्या पावसात कुणाच्या कुत्र्याला नसतात? पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न गोळ्यांचाच विचारला.

गोचिडांच्या तापाचं म्हणाल तर तो वेगळा विषय, कधीतरी लिहीन.

घाबरवतोय म्हणता, तर घाबरू देत. माझ्या हातानं चारलेल्या गोळ्यांबद्दल मी लिहिलंय, तुमच्या दवाखान्याबद्दल नाही. लेख राहणार. आकड्यात चूक असेल तर आकडा घेऊन या, लगेच बदलतो. आणि तो शब्द तेवढा काढून टाका, प्रतिक्रिया तुम्हालाच बदलता येते.