गळाला लागलं झाड

मासे धरायला निघालेल्याच्या नकाशावर नदीकाठची पायवाट तुटक रेघेने दाखवतात. मला आता कळलंय, जिथे रेघ तुटलेली तिथे वाटही तुटलेली. मोकळ्यावर ताशी चार किलोमीटर चालणारा गडी झाडोऱ्यात शिरला की ताशी एकवर येतो, आणि त्यातलाही निम्मा वेळ रांगतो. आठ किलोमीटरवरच्या डोहाशी "दोन तासांत पोहोचू" म्हणणाऱ्याच्या सॅकमध्ये टॉर्च आहे का, ते आधी बघावं.

सॅकला बाहेरून काही लटकवू नये. कप, चपला, ओला टॉवेल, सगळं झुडपं एकेक करून उतरवून घेतात आणि पावती देत नाहीत. रॉड चार तुकड्यांत सुटणारा असावा, कडक नळीत घालून सॅकच्या कुशीला बांधावा, नळीचं टोक डोक्याच्या वर येऊ देऊ नये. कंटाळ्यापोटी जोडलेलाच रॉड घेऊन चालायचं असेल तर मूठ पुढे, टोक मागे. मग तो शेपटीसारखा मुकाट मागून येतो. टोक पुढे ठेवलं की ते फांदीत घुसतं, आपण थांबत नाही, आणि चार तुकड्यांचा रॉड पाच तुकड्यांचा होतो.

नदी ओलांडताना अरुंद जागेचा मोह सगळ्यांनाच होतो. पण पाणी तेवढंच आणि वाट चिंचोळी, म्हणजे तिथे ते खोल आणि जोरात असणार. रुंद, खळाळता, गुडघ्याखाली पाणी असलेला उतार शोधावा. बूट पायातच ठेवावेत. शेवाळलेल्या गोट्यांवर अनवाणी चालणं हा नृत्यप्रकार आहे. कंबरेचा आणि छातीचा पट्टा आधी सोडायचा, म्हणजे पडलोच तर सॅक एकटी वाहून जाते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढ्यात रोवलेली, आणि दोन पाय नि काठी या तिघांपैकी एका वेळी एकानेच हलायचं. पाणी मांडीला लागलं आणि जोर असला तर गुपचूप मागे फिरावं. मासे त्याच काठावरही असतात.

डोहाशी पोहोचलात? आता खरी गंमत. मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगाने, पाय न आपटता जायचं. गळ डोक्यावरून फेकायला मागे मोकळी जागा लागते, आणि मागे झाडं दबा धरून बसलेली असतात. अशा वेळी रॉडएवढाच तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) सोडावा, गळ वाकणाजवळ चिमटीत धरावा (टोक बोटांपासून लांब!), रॉड धनुष्यासारखा वाकवावा आणि गळ सोडून द्यावा. बाण सुटल्यासारखा तो फांदीखालून जातो. निदान जायला हवा.

नाही गेला तर रॉडला हिसके देऊ नयेत. रॉड अडकलेल्या गळाकडे सरळ रोखायचा, तंगूस काठीला गुंडाळून ओढायचा. हाताला गुंडाळला तर तो बोटंही कापतो. तुटतो तो बहुधा गाठीशी. पाच-सहा वेढे देऊन गाठ थुंकीने ओली करून आवळावी. कोरडी आवळली की घर्षणाने तापून नायलॉन कमजोर होतं, आणि घाईत कोरडीच आवळली जाते.

म्हणूनच चांगला डोह पाण्याकडे न बघताही ओळखता येतो. वरच्या फांदीवर जुने गळ लोंबत असतात. पाखरं अडकू नयेत म्हणून ते काढावेत, पण चढण्याआधी खिशातली गळांची डबी खाली ठेवावी, झाकण लावून.