मोठे नोझल आधी की हवा आधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

ट्रकच्या इंजिनाच्या ट्यूनिंगवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाने सणसणीत प्रतिक्रिया दिली आहे. तिचा आशय असा: ‘मोठा एअर फिल्टर बसवला, जाड पाइप टाकला, गाडीत काडीचाही फरक नाही. मग मोठ्या नोझलचे इंजेक्टर टाकले, तेव्हा कुठे गाडी ओढायला लागली. डिझेल इंजिनात ताकद डिझेलची असते, हवेची नाही. तुम्ही लोकांना उगाच आधी इनटेकवर खर्च करायला लावता. आणि थोडा धूर निघाला तर बिघडलं कुठे?’ (इनटेक म्हणजे इंजिनात हवा येण्याची वाट, इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग आणि नोझल म्हणजे त्याचं भोकांचं टोक.) उत्तर चार ओळींत मावेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी माझी चूक कबूल करतो. ‘इनटेक मोकळं केलं की इंजिन मोकळं होतं’ असं मी लिहून गेलो होतो. ते वाक्य ढिसाळ होतं. फिल्टरच्या डब्यावर जो छोटा इंडिकेटर असतो, तो टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या डिझेलमध्ये साधारण ६ किलोपास्कलच्या अडथळ्याला लाल होतो. म्हणजे फिल्टर बदलायला आला, तरी वातावरणाच्या दाबाच्या सहा टक्क्यांच्या आसपासच चोरी होते. तुमचा जुना फिल्टर स्वच्छ असेल तर ती त्याहूनही कमी. मग नव्याने सुधारणार तरी काय? त्यामुळे तुम्हाला फरक जाणवला नाही यावर माझा शंभर टक्के विश्वास आहे. तेल लावलेले कापडी फिल्टर तर मी सुचवतच नाही. कागदी फिल्टरपेक्षा ते बारीक धूळ जास्त सोडतात, आणि त्यांचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर चढलं की वेगळीच डोकेदुखी सुरू होते.

पण ‘ताकद हवेची नाही’ हे अर्धंच खरं. डिझेल इंजिन मुळात जास्तीच्या हवेवर चालतं. एक किलो डिझेल जळायला हिशेबाने साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात मात्र फवारा आणि हवा नीट मिसळायला वेळच मिळत नाही, त्यामुळे हे प्रमाण अठरा-वीसच्या खाली घसरायला लागलं की धूर काळा व्हायला लागतो. कंपनीतून आलेल्या तुमच्या इंजिनात थोडी हवा शिल्लक होती. मोठ्या नोझलने ती खर्च केली आणि गाडी ओढायला लागली. धूर सुरू झाला तिथे शिल्लक संपली. त्यापुढे डिझेल वाढवत राहिलात तर ताकद जेमतेम वाढते, उष्णता मात्र भरपूर वाढते.

म्हणून इनटेकवर खर्च करायचाच तर तो टर्बोनंतर हवा इंजिनाकडे जाते त्या भागावर करा. ६ लिटरचं इंजिन २००० आरपीएमला, टर्बो नसतानाही, मिनिटाला ६००० लिटरच्या घरात हवा ओढतं. टर्बोने ती हवा अडीचपट दाबली की ३० अंशांची हवा सहज १५० अंशांवर जाते. गरम हवा विरळ, तेव्हा दाबून कमावलेलं निम्मं तिथेच गमावलं. इंटरकूलरने (दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरने) तीच हवा ५० अंशांवर आणली तर तितक्याच दाबाला सुमारे तीस टक्के जास्त हवा सिलिंडरमध्ये जाते. कुठलाही चकचकीत फिल्टर हे काम करणार नाही. आणि इंटरकूलर नवा घेण्याआधी जुना गळत नाही ना ते बघा. एका गाडीत बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) कमी येत होता, मालकाने टर्बोच बदलायचं ठरवलं होतं. इंटरकूलरचा होज (रबरी पाइप) बाहेरून ठणठणीत दिसत होता. पाइपाची तोंडं बंद करून आत हवेचा हलका दाब दिला आणि सगळीकडे साबणाचं पाणी मारलं. क्लॅम्पच्या अगदी खाली, बोटाने दाबल्याशिवाय दिसणार नाही अशा चिरेतून फेस यायला लागला. होज आणि क्लॅम्प बदलले, टर्बो वाचला.

आता इंजेक्टर. नोझलच्या भोकाचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला की क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं. ऐकायला ‘दहा टक्के मोठं’ आणि प्रत्यक्षात डिझेल पाचवा हिस्सा जास्त! ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) यातलं काहीच कळत नाही. तो जुन्या नोझलच्या हिशेबाने इंजेक्टर उघडा ठेवतो. २००० आरपीएमला क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा बारा हजारावा भाग लागतो. एवढ्याशा वेळेत किती डिझेल गेलं याचं गणितच बदललेलं असतं, आणि तो मात्र जुनंच उत्तर वाचतोय. म्हणून नोझल बदलले की मॅपही (ईसीयूतला आकड्यांचा तक्ता) बदलायला हवा: किती वेळ उघडायचं, कधी उघडायचं, रेलचा (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा) दाब किती, बूस्ट किती आला की किती डिझेल सोडायचं, सगळंच. कॉमन रेलच्या इंजेक्टरवर छापलेला कोडही प्रत्येक सिलिंडरला बरोबर भरावा लागतो. तुमच्या प्रतिक्रियेत मॅपचा शब्दही नाही, त्यामुळे तो बदलला होता का, याची मला शंका आहे.

बसवण्यातही लोक घाई करतात. त्यात मीही आलो. एकदा मी नवे नोझल टाकले आणि गाडी सकाळी सुरूच होईना. झाली तरी एक सिलिंडर मिसिंग मारतोय, धूर पांढरा. दोन दिवस मी नोझल बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. शेवटी तो इंजेक्टर काढून भोकात बॅटरी मारली, तर तळाला जुना तांब्याचा वॉशर काजळीत चिकटून बसलेला आणि त्याच्यावर माझा नवा वॉशर. दोन वॉशर म्हणजे नोझल वर सरकला, फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा तो कडेवर आदळू लागला. तार वाकवून जुना वॉशर ओढून काढला, जागा साफ केली, गाडी पहिल्या सेल्फला उठली.

आता धुराचं. काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन, म्हणजे तुम्ही विकत घेतलेलं डिझेल. डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत हीच काजळी फिल्टरमध्ये साठते आणि तो लवकर तुंबतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला प्रदूषणाचे नियम असतात, ते वेगळंच. मला मात्र धुरापेक्षा त्यामागच्या उष्णतेची जास्त भीती वाटते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. लोडमध्ये एक्झॉस्टचं तापमान त्याच्या आसपास किंवा वर जातं, तरी पिस्टन टिकतात, कारण खालून तेलाचे फवारे त्यांना थंड करतात आणि जाळाचा चटका प्रत्येक वेळी क्षणभरच बसतो. सपाट रस्त्यावर ओव्हरटेक करताना काही होत नाही. भरलेली गाडी दहा मिनिटं चढावर दाबून चालवली की उष्णता पिस्टनमध्ये मुरत जाते. मी टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीवर) पायरोमीटर, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर, बसवतो आणि काटा ७०० अंशांच्या आसपास रेंगाळला की पाय उचलायला सांगतो. सेन्सर टर्बोच्या मागे बसवला तर लोडमध्ये शंभर-दोनशे अंश कमी दाखवतो आणि आपण उगाच निर्धास्त राहतो.

तेव्हा माझ्या लेखातला क्रम मी दुरुस्त करतोय: ‘आधी इनटेक’ खोडून ‘आधी मोजमाप’. तुमच्याच गाडीचं सांगायचं तर तीन आकडे कळवा. भरलेल्या गाडीला चढावर पूर्ण पाय दाबल्यावर बूस्ट किती येतो, त्याच वेळी टर्बोआधीचं तापमान किती, आणि नोझल मूळच्यापेक्षा किती टक्के मोठे आहेत. बूस्ट कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंतही पोहोचत नसेल, तर मॅपला हात लावण्याआधी साबणाचं पाणी घेऊन होज तपासा.