सनद स्थगित न करताही एलएलएम करता येतं

माझी भाची ठाणे कोर्टात नव्यानेच वकिली करते. परवा ती एलएलएमच्या, म्हणजे कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, एका ऑनलाइन कोर्सची फी भरायला निघाली होती. कारण वकिलांच्या ग्रुपवर फिरणारा हा मेसेज: ‘रेग्युलर एलएलएमला सनद (वकिलीचा परवाना) स्थगित करावी लागते. त्यापेक्षा घरबसल्या वर्षात एक्झिक्युटिव्ह एलएलएम करा, थेट प्राध्यापक व्हा. जेएमएफसीला (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाला) प्रॅक्टिसची अटही लागत नाही.’ बेलापूरच्या एका वकील मित्रानेही मला तोच पाठवला, वर ‘उपयुक्त माहिती’ असं लिहून!

सनदेची भीती आधी काढून टाका. वकिली चालू ठेवून नियमित एलएलएम करता येतं. वकिली व्यवसायाचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा 2009 चा तसा ठरावच आहे. या एका खोट्या वाक्यावर सगळा मेसेज उभा आहे. घाबरलेला ज्युनियर आपसूक ऑनलाइनकडे वळतो.

आणि तिथे त्याच्या पदरात काय पडतं? बार कौन्सिलने जून 2025 मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट बजावलं आहे की पूर्वपरवानगीशिवाय ऑनलाइन, दूरस्थ किंवा मिश्र पद्धतीने दिलेलं एलएलएम मान्य नाही. नावापुढे ‘एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘प्रोफेशनल’ लावलं म्हणून ते मान्य होत नाही. अध्यापन, नेट (प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), पीएचडी, कशालाच ते चालणार नाही. म्हणजे ज्या नोकरीसाठी पोरं उसने पैसे काढून फी भरतात, तिच्या दारातच हा कागद परत येणार. हे मेसेज पुढे ढकलणाऱ्या सीनियर मंडळींना कळायला नको?

एक वर्षाचं एलएलएम असतं, एवढं मात्र खरं. मुंबईच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात आहे. पण ते वर्गात बसून, क्लॅट पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन. मुंबई विद्यापीठाचं दोन वर्षांचं, त्यालाही प्रवेश परीक्षा.

प्राध्यापकीला एलएलएममध्ये 55 टक्के आणि वर नेट किंवा राज्यपातळीवरची सेट, नाहीतर पीएचडी. जेएमएफसीचं म्हणाल तर पूर्वी नव्या पदवीधरांना वाट होती, पण सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालात तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली.

वेळच नसेल तर बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचे सायबर कायदा, बौद्धिक संपदा असे दूरस्थ पदव्युत्तर डिप्लोमा आहेत. ते स्वतःला डिप्लोमाच म्हणवतात. भाचीला सांगितलंय, कोर्सवाल्याकडे बार कौन्सिलचं परवानगीपत्र माग. ते हातात आल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही.