तो फोटो क्रेझी हॉर्सचा नाही

पिसांचा भरगच्च टोप घातलेल्या अमेरिकेतल्या लकोटा या मूळनिवासी जमातीच्या एका पुढाऱ्याचा जुना फोटो पुन्हा फिरतो आहे. पोस्ट म्हणते की हा गाजलेला लकोटा योद्धा क्रेझी हॉर्स. कॅमेरा आत्मा चोरतो अशा भीतीने 'रेड इंडियन' फोटो काढू देत नसत, म्हणून असे फोटो बळजबरीने आणि स्टुडिओतले कपडे चढवून काढले. आता ही जमातच उरलेली नाही, असंही त्यात आहे. हजारो लोक हे खरं मानून पुढे पाठवताहेत, याचं मला वाईट वाटतं.

आधी नाव. क्रेझी हॉर्स ५ सप्टेंबर १८७७ रोजी फोर्ट रॉबिन्सन या लष्करी ठाण्यात संगिनीच्या वाराने मेला. त्याचा म्हणून खात्रीने सांगता येईल असा एकही फोटो नाही. शिवाय तो राहायचा अगदी साधा, असं त्याला पाहिलेल्यांनी सांगून ठेवलंय. हा थाट त्याचा नव्हेच.

कॅमेऱ्याला नकार देणारे होते, हे खरं. पण सगळे तसे नव्हते. रेड क्लाउड या लकोटा पुढाऱ्याने १८७२ मध्ये वॉशिंग्टनला फोटो काढून घेतला आणि पुढे आयुष्यभरात त्याचे शंभरावर फोटो निघाले. सिटिंग बुल हा दुसरा लकोटा पुढारी १८८५ मध्ये बफेलो बिलच्या 'वाइल्ड वेस्ट' या फिरत्या खेळात गेला तो आठवड्याला ५० डॉलरवर, आणि स्वतःचे फोटो व सह्या विकायचा हक्क त्याने करारात स्वतःकडे ठेवला. फोटोला घाबरणारा माणूस असं कलम घालून घेईल का?

कपड्यांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. १८७० च्या दशकात पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाच्या पाहणी मोहिमेतल्या हिलर्स या छायाचित्रकाराने पाइयूट या दुसऱ्या मूळनिवासी जमातीच्या लोकांना बाहेरून आणलेले कपडे घालून फोटो काढले होते. पण पाइयूट वेगळे, लकोटा वेगळे. लकोटांमध्ये गरुडाचं पीस पराक्रमाबद्दल मिळायचं, आणि अख्खा टोप घालायचा तर तो मान लोकांनी द्यावा लागायचा. अशी वस्तू कुणी स्टुडिओच्या खुंटीवरून उचलून डोक्यावर ठेवत नाही.

या बाबतीत आयर्न टेल या लकोटाची हकीकत मला सगळ्यात बोलकी वाटते. १८९८ मध्ये न्यूयॉर्कला गर्ट्रूड केसबिअर या छायाचित्रकार बाईंनी बफेलो बिलकडच्या लकोटांना आपल्या स्टुडिओत बोलावलं. सगळे नटूनथटून आले. बाईंना मात्र साजाआडचा 'खरा' माणूस हवा होता, म्हणून त्यांनी आयर्न टेलला पिसं आणि दागिने उतरवायला लावले. त्याने उतरवले. पुढे छापलेला फोटो हातात आला तेव्हा त्याने तो फाडून टाकला. नंतर पूर्ण टोप घालून बसला, तो फोटो त्याला पसंत पडला. म्हणजे इथे साज गोऱ्या छायाचित्रकाराने चढवला नाही, उतरवला. आणि साजासकटच मी मी आहे, हे त्या माणसाने कागद फाडून सांगितलं. बाईंचा तो साधा फोटो आज कलाकृती म्हणून नावाजला जातो. मला तो बघताना दर वेळी अवघडायला होतं.

आणि जमात उरली नाही म्हणता? पाइन रिज, रोझबड, स्टँडिंग रॉक या अमेरिकेतल्या राखीव प्रदेशांत लकोटा आजही राहतात. कोलोरॅडोतल्या सरकारी भांडारातून मेलेल्या गरुडांची पिसं रीतसर अर्ज करून मिळवतात, आणि शाळेचं शिक्षण पुरं केलेल्या पोरापोरींच्या केसांत घरची माणसं ती बांधतात.