समुपदेशन चालू असतानाचा फोटो (जिओटॅगसह)

आज सकाळी अकराला कॉलेजची एक नोटीस हातात पडली. वर्षभरात समुपदेशनाचा लाभ घेतलेल्या विद्यार्थ्यांची यादी द्या. रकाने पाच: पूर्ण नाव, वर्ग, मोबाइल, समस्येचं स्वरूप, सही. सोबत समुपदेशन चालू असतानाचे किमान दोन फोटो, जिओटॅगसह. मुदत दुपारी चार. कारण अर्थातच नॅक, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी परिषद.

ती वाचली आणि लक्षात आलं की समुपदेशन कक्ष कसा चालवावा हे इतकी वर्षं आपल्याला समजलंच नव्हतं. आता समजलंय, तर तुमच्यापासून कशाला लपवा? उद्या तुमच्या कॉलेजात, ते नाशिकात गंगापूर रोडला असो नाहीतर आडगावला, असा कक्ष काढायचं तुमच्या गळ्यात पडेल, तेव्हा हे हाताशी असू द्या.

सुरुवात जागेपासून. जिन्याखालची जागा उत्तम. ती झेरॉक्सवाल्याने आधीच घेतली असेल तर परीक्षा विभागाचा एक कोपरा प्लायवूडचं पार्टिशन घालून तोडा. पार्टिशन छताच्या दोन फूट अलीकडे थांबलं पाहिजे. हवा खेळती राहते, आणि आत कोण रडतंय हे हॉलतिकिटाच्या रांगेतल्या मुलांना कळत राहतं. दाराला स्वच्छ काच हवी, कडी नको. मधे मोठं टेबल, पलीकडे फिरती खुर्ची, अलीकडे प्लास्टिकची. काही शहाणे तुम्हाला सांगतील की टेबल मधे नको, दोन खुर्च्या जरा तिरक्या ठेवा, मुलाची खुर्ची दाराजवळची असू द्या म्हणजे त्याला कोंडल्यासारखं होत नाही, टिश्यूचा डबा त्याच्या हाताशी ठेवा, आणि घड्याळ त्याच्या डोक्यामागच्या भिंतीवर लावा, म्हणजे समुपदेशकाला मनगटाकडे बघावं लागत नाही. दाराबाहेर जुना कूलर नुसता हवेवर चालू ठेवला तरी आतलं बोलणं बाहेर समजत नाही म्हणे. या सगळ्याला मिळून सभागृहाच्या नव्या पडद्याइतकाही खर्च येत नाही, म्हणून तर तो करायचा नाही.

बोर्ड मात्र मोठा लावा, आणि उद्घाटनाची कोनशिला त्याहून मोठी.

मग माणूस. मानसशास्त्राच्या मॅडम असतील तर प्रश्नच मिटला. अतिरिक्त कार्यभार द्या. सकाळी ज्या मॅडमकडे मुलगी मनातलं बोलली त्याच मॅडम दुपारी तिच्या इंटर्नलचे गुण देणार, यात काही अडचण आहे असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही फार विचार करता. मानसशास्त्र विभाग नसेल तर ग्रंथपाल, नाहीतर जिमखान्याचे सर. तसं २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. ‘पात्र’ या शब्दाला घाबरू नका, दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स आणि त्याचं रंगीत प्रमाणपत्र मिळतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, त्यासाठी एम.ए.नंतर पुन्हा दोन वर्षं एम.फिल. करावं लागायचं, असली मंडळी पगार मागतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. अगदीच नेमायची वेळ आली तर तासिका तत्त्वावर नेमा, अकरा महिन्यांसाठी, आणि करार असा संपवा की निकाल लागून वायडी झालेली, म्हणजे वर्ष वाया गेलेली मुलं सैरभैर फिरतील तेव्हा कक्षाला कुलूप असेल.

एक माणूस किती मुलं बघेल हा हिशेब कोणी मांडला तर विषय बदला. एक सत्र ४५ ते ५० मिनिटांचं, त्यानंतर नोंदी लिहायला आणि पुढच्या मुलाआधी स्वतः जाग्यावर यायला दहा-पंधरा मिनिटं. दिवसाला पाच, फार तर सहा. आठवड्याला पंचवीसच्या वर गेलं की शेवटच्या दोघांचं ऐकलंच जात नाही, नुसतं मान हलवणं होतं. अमेरिकेत विद्यापीठांच्या समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी संस्था १००० ते १५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ माणूस सुचवते. आपल्याकडे दहा हजारांमागे एक मंगळवार आणि एक गुरुवार असतो.

वेळ अकरा ते एक ठेवा. प्रॅक्टिकलही तेव्हाच असतात.

आता फॉर्म. पीएचक्यू-९ नावाची, नैराश्याचा अंदाज घेणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, शून्य ते तीन गुण, बेरीज २७ पर्यंत. दहा किंवा जास्त आले तर त्या मुलाशी बसून सविस्तर बोलायचं, एवढाच तिचा अर्थ. ते निदान नव्हे. तुम्ही ती गुगल फॉर्मवर टाका, ‘गेल्या दोन आठवड्यांत’ हे शब्द गाळा, नाव आणि ईमेल सक्तीचं करा, आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडा. भरला नाही तर हॉलतिकीट नाही, अशी तळटीप घाला. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. शनिवारी रात्री दोन वाजता वसतिगृहातलं कुणीतरी तिथे ‘जवळजवळ रोज’ निवडेल. ते उत्तर एक्सेलच्या एका चौकोनात जाऊन बसेल, आणि ती फाइल तुम्ही वार्षिक अहवालाच्या वेळी उघडाल, पाय चार्ट काढायला. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. (आमचं सोमेश्वर तर इथेच गंगापूर रोडला आहे, तरी बंब पोहोचत नाही.) ज्या दिवशी उत्तर येईल त्याच दिवशी ते वाचून मुलाला गाठणारं कोणी नसेल तर तो प्रश्न विचारूच नये, हा या कामातला पहिला धडा. पण तो शिकवायला तज्ज्ञ बोलवायचा तर मानधन द्यावं लागतं.

तज्ज्ञ १० ऑक्टोबरला बोलवा, जागतिक मानसिक आरोग्य दिनी: शाल, श्रीफळ, ‘हसत राहा’ हे व्याख्यान, आणि मागच्या रांगेत हजेरीसाठी कोंबलेले दोनशे.

पालकांना मात्र ताबडतोब फोन. मुलगी खुर्चीतून उठायच्या आत. वडील निफाडला द्राक्षाच्या गोडी छाटणीत असोत की लासलगावला कांद्याच्या लिलावात, त्यांना कळलंच पाहिजे की लेकीचं वर्गातल्या कुणाशी तरी जुळलं होतं आणि आता मोडलंय. तुम्ही कर्तव्य केलंत. दिवाळीत तिचं लग्न ठरेल, दुसऱ्या सत्राला ती दिसणार नाही, आणि तुमच्या अहवालात ‘केस बंद’ असं लिहिता येईल. ती एकोणीस वर्षांची आहे, तिची परवानगी लागते, गुप्तता केव्हा मोडायची हे पहिल्याच भेटीत सांगायचं असतं, असले किरकोळ मुद्दे काढू नका. मोडायची वेळ येतेच: जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा व्हायची भीती असेल, किंवा अकरावी-बारावीतल्या, म्हणजे अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं असेल, तिथे पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवावंच लागतं. पण नेमक्या त्या वेळी आपण ‘संस्थेची बदनामी नको’ म्हणून गप्प बसायचं, आणि प्रेमभंगाला मात्र घरी फोन करायचा. क्रम चुकवू नका.

केस हाताबाहेरची वाटली तर चिठ्ठीवर ‘सिव्हिलला दाखवा’ एवढं लिहा. सिव्हिल हॉस्पिटल त्र्यंबक रोडला आहे आणि तो रोड कुठे आहे हे पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मुलाला माहीत असतंच. मनोविकार ओपीडी कोणत्या वारी, केसपेपर कुठे काढायचा, सोबत कोण येईल, गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात आणि मधेच बंद करायच्या नाहीत, हे सांगत बसायला आपण काय त्याचे मामा आहोत? आठवड्याने ‘गेला होतास का रे’ असं विचारलं तर जाणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, म्हणून विचारू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तो कक्षाच्या आतल्या भिंतीवर लावा, एकला कक्ष बंद झाल्यावर कोणालाही दिसणार नाही असा. वसतिगृहाच्या संडासाच्या दाराला आतून चिकटवला तर मुलं कोणी बघत नसताना तो उतरवून घेतील, पण मग उद्घाटन कुठे करायचं?

आता मूळ विषय, यादी आणि फोटो.

यादी करणं सोपं आहे. दारातच रजिस्टर ठेवा, आत जाणाऱ्याला सही करायला लावा, वरच्या अकरा जणांची नावं त्याला वाचता येतील असं. ‘समस्येचं स्वरूप’ या रकान्यात एका शब्दात लिहा: प्रेमभंग, घरगुती, व्यसन. रजिस्टर शिपायाकडे ठेवा. नावं काढून टाकली तरी चालतं असं समजणाऱ्यांसाठी खास टीप: वर्गवार तक्ता द्या. ‘तृतीय वर्ष सांख्यिकी, मुली: १, कारण: वैवाहिक’. त्या वर्गात मुली चार आणि लग्न झालेली एकच. नाव लिहायची गरजच काय?

फोटोसाठी मोबाइलवर जीपीएसचं कॅमेरा ॲप घ्या. फोटोच्या खाली पट्टी उमटते: नाशिक, महाराष्ट्र, अक्षांश वीसच्या जरा अलीकडे, रेखांश पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास, तारीख, वेळ सेकंदासकट. म्हणजे मूल नेमकं कोणत्या सेकंदाला रडत होतं याचा पुरावा राहतो. चेहरा स्पष्ट यावा. समुपदेशक किंचित पुढे झुकलेला, हात टेबलावर, ‘मी ऐकतोय’ असा भाव. खरं मूल तयार नसेल तर एनएसएसची दोन पोरं धरून आणा आणि त्यांना खिन्न बसायला सांगा. फोटो कॉलेजच्या वेबसाइटवर चढेल, नोटीस बोर्डाच्या काचेआड लागेल, आणि त्या दोघांना वर्षभर कँटीनमध्ये ‘काय रे, गोळी घेतली का?’ असं विचारलं जाईल. समाजसेवा म्हणतात ती हीच.

आणि मग पुढच्या बैठकीत विचारा, आमच्याकडे मुलं येतच नाहीत, असं का?

असं का? तुम्हाला खरंच कळत नाही? पहिल्या भेटीत कोणीही खरं कारण सांगत नाही. झोप येत नाही म्हणतात, महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म अडकलाय म्हणतात, अटेंडन्स ७५ टक्के भरत नाही, काय करू, असं विचारतात आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहतात. दुसऱ्या भेटीत तुम्ही मागचं कोणाला बोललात का हे जोखतात. तिसऱ्या भेटीत, दाराची मूठ हातात धरून, जाता जाता एक वाक्य टाकतात, आणि ते वाक्य असतं. त्या वाक्यापर्यंत पोहोचायचं एकच साधन या कामात आहे: इथलं बाहेर जात नाही याची खात्री. स्टेथोस्कोप नाही, एक्स-रे नाही, एवढंच आहे. ते तुम्ही मोबाइल क्रमांकाच्या रकान्यासाठी मोडून मागताय.

नॅकला पुरावा लागतो, मान्य. पाचव्या निकषाचं नावच ‘विद्यार्थी सहाय्य आणि प्रगती’ आहे. मग द्या पुरावा. समुपदेशकाचा नेमणूक आदेश द्या, पूर्ण वर्षाचा. त्याची पदवी द्या. एकूण किती मुलं आली, किती सत्रं झाली, महिनावार आकडे द्या. पाचपेक्षा कमी आकडा असेल तिथे वर्गवार तोडू नका. फोटो हवाच तर रिकाम्या खोलीचा काढा, दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा, तुमचा तो अक्षांश-रेखांशही येऊ द्या. नावांच्या जागी क्रमांक असलेल्या नोंदी एका कुलपाच्या कपाटात, नाव आणि क्रमांक जुळवणारी वही दुसऱ्या कपाटात, किल्ली फक्त समुपदेशकाकडे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, त्यात गोपनीयतेसाठी स्वतंत्र कलम आहे, २३ वं. वाचायला पाच मिनिटं लागतात. नोटीस टाइप करायला त्याहून जास्त लागली असतील.

लाज वाटायला हवी होती ती नोटीस काढताना. फाइलच्या एका पानासाठी सुरगाण्याहून आलेल्या, घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोलणाऱ्या पोरीची सही मागता, जी मराठीत ‘मला भीती वाटते’ एवढं म्हणायला दोन महिने घेते? तुमच्या स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची नावं लावा की आधी नोटीस बोर्डावर.

यादी मिळणार नाही. चार वाजेपर्यंत नाही, आणि पाच वाजता शिपाई पाठवलात तरी नाही.