अर्धीच तार खरवडा

भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी मुलीने ‘साधे विद्युत चलित्र’ (म्हणजे विजेची मोटर) हा विषय निवडला, तेव्हा त्यातील ‘साधे’ या शब्दावर विश्वास ठेवण्याची चूक मी केली. साहित्याची यादी तर अगदीच निरुपद्रवी होती : दीड व्होल्टचा एक जाडा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, मीटरभर तांब्याची तार आणि चिकटपट्टी. प्रकल्प अर्थातच मुलीने स्वतः करायचा होता. सादर करण्याच्या आदल्या रात्री साडेनऊ वाजता मात्र तो माझ्या ताब्यात आला.

सेलभोवती तारेचे दहा वेढे देऊन मी कुंडल तयार केले. ते गोल असावे अशी अपेक्षा असते. माझे कुंडल कोणीतरी त्यावर बसून उठल्यासारखे दिसत होते. त्याची दोन टोके सेफ्टी पिनांच्या छिद्रांत अडकवली, खाली जुन्या स्पीकरमधला चुंबक ठेवला आणि श्वास रोखून पाहत राहिलो. कुंडल ढिम्म हलले नाही. बोटाने ढकलले, तेव्हा ते माझ्या बोटाच्या जोरावर एक फेरी मारून पुन्हा स्वस्थ झाले.

“बाबा, त्या तारेवर इनॅमल असतं. ते खरवडायचं असतं,” मुलगी वहीतून डोके वर न काढता म्हणाली.

वीज अडवणारा हा लेप इतका पातळ आणि पारदर्शक असतो की तार उघडीच आहे अशी कोणाचीही समजूत व्हावी. मी पॉलिश पेपर घेतला आणि दोन्ही टोके चहूबाजूंनी लखलखीत होईपर्यंत घासली. आता कुंडलाने जोरात उसळी घेतली, थोडे पुढे गेले, मागे आले आणि नंदीबैलासारखी मान डोलावून चुंबकावर आडवे होऊन थांबले. पुन्हा ढकलले, पुन्हा तेच.

मग मी फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाला शरण गेलो. तर्जनी चुंबकीय क्षेत्राकडे, मधले बोट विद्युतधारेकडे आणि अंगठा बलाकडे, अशी मुद्रा धरून मी सेलभोवती इतका वाकलो की पत्नीने मान आखडली का म्हणून विचारले. त्या वेदनांतून उलगडा एवढाच झाला की कुंडल अर्धी फेरी फिरले की तेच बल त्याला उलट दिशेला ओढू लागते. मोठ्या चलित्रात कॉम्युटेटर दर अर्ध्या फेरीला प्रवाहाची दिशा बदलतो. आमच्या गरिबाघरच्या चलित्रात प्रवाह अर्धी फेरी सरळ बंदच ठेवायचा असतो. उरलेले अंतर कुंडल आधीच्या वेगावर काढते. त्यासाठी कुंडल उभे धरून एका टोकाची फक्त वरची बाजू खरवडायची असते, खालची तशीच सोडायची असते. कोणतेही काम अर्धवट सोडू नये, असे मी याच मुलीला वर्षानुवर्षे बजावत आलो होतो.

मायकेल फॅरेडेने 1821 मध्ये पाऱ्यात बुडणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली, तेव्हा त्याला ही खरवडण्याची भानगड नव्हती. शिवाय दुसऱ्या दिवशी त्याला सकाळची शाळाही नव्हती.

तार संपली होती. तेव्हा पॉलिश पेपरने जे घालवले, ते नेलपॉलिशने परत आणावे असे ठरले. पत्नीच्या गुलाबी बाटलीतील कुंचल्याने मी तारेच्या खालच्या अर्ध्या भागावर एक रेघ ओढली आणि ती वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो. साडेअकराला कुंडल पिनांवर ठेवून हलकेच टिचकी मारली. ते फिरले. थांबले नाही. वेढे दिसेनासे होऊन तिथे तांबूस धुक्याचा एक गोळा गरगरू लागला आणि पिना बारीक किरकिरू लागल्या. मुलगी एव्हाना झोपली होती, म्हणून मी पत्नीला उठवून दाखवले. तिने बाटली परत मागितली.

त्यानंतर मी ते बराच वेळ, म्हणजे झोप लागेपर्यंत, पाहत बसलो. मीटरभर तारेचा रोध जेमतेम एक दशांश ओहम असतो, त्यामुळे असे कुंडल सेलला शोषून काढते, हे मला पाठ होते. आठवले मात्र सकाळी, सेल गार पडल्यावर. धावत जाऊन भिंतीवरच्या घड्याळातला बारका सेल काढून बसवला आणि चलित्र पुन्हा सुरू झाले.

“वेळ आहे ना, बाबा?” मुलीने वेणी घालता घालता विचारले. मी घड्याळाकडे पाहिले. पावणेसात वाजले होते. आम्ही निवांतपणे खोक्यात कापूस भरला, पिना नीट टेकवल्या, वर नाव लिहिले आणि मी पुन्हा घड्याळाकडे पाहिले. पावणेसातच वाजले होते.